कृष्णविवरण

शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की पणजीहून म्हापसा आणि म्हापशाहून पेडण्यातल्या इब्रामपूरची बस, असं करत मी दिवेलागणीला घरी पोचायचे. बसमधून उतरल्यावर आधी ऐकू यायची ती बाबांची पेटी. आमचं पुढे दुकान आणि मागे घर. दुकानात गूळ, रॉकेल, कांदे-बटाटे, शाळेच्या वह्या आणि या सगळ्यांच्या मध्ये एका रिकाम्या खोक्यावर ती पेटी. गिऱ्हाईक नसलं की बाबा ती पुढ्यात ओढायचे. गिऱ्हाईक आलं तरी डाव्या हाताने भाता चालूच असायचा आणि उजव्या हाताने ते साखर जोखायचे, असं आई सांगायची. आईच्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्यावं, पण आमच्या दुकानातल्या साखरेला जरा सूर होता हे मीही कबूल करीन.

शनिवारी रात्री मुरलीधराच्या देवळात भजन. त्यामुळे त्या दिवशी घरात नुस्तं, म्हणजे मासळी, शिजायचं नाही. आठवडाभर पणजीला आत्याकडे बांगडे खाऊन आलेल्या मला आईच्या हातची मुगागाठी, वर कडकडीत फोडणी, आणि भजनाहून परतल्यावर देवळातली चण्याची उसळ आणि पावाचा उंडा, एवढं पुरायचं. बाबा भजनी मंडळाचे म्होरके. ते काही मोठे गवई नव्हते. पण गावात कुणाचा सूर कुठे घसरतो आणि त्याला कुठे धरायचं हे त्यांना पाठ होतं. शेजारची पारूकाकी म्हणायची, "दत्तारामभाव पेटी वाजयना, तो आमकां सांबाळता." हे अगदी खरं होतं. ते सगळ्यांना सांभाळायचे.

मी पणजीला बीएस्सी करायला गेले तेव्हा गावात त्याची चर्चा झाली. आता हे लिहिताना हसू येतं. आज आमच्या वाड्यावरची पोर जर्मनीत शिकते आणि तिथून आईला रोज भाकरीचा फोटो मागते. पण तेव्हा शाणूमामाने, म्हणजे आमच्या मंडळाच्या पखवाजवाल्याने, भर दुकानात सांगितलं होतं, "दत्ताराम, चेडूं सायन्स शिकलें म्हणजे देवाक आंचवलें म्हणून समज. मागीर आमच्या भजनाक येवन बसतलें तें?" चार गिऱ्हाइकं उभी होती. बाबांनी शाणूमामाला त्याची विडीकाडी दिली आणि पेटी ओढली. पण ते वाक्य त्यांच्या मनात रुतून बसलं होतं. मी शनिवारी येऊन देवळात बसले की ते एकदा माझ्याकडे बघायचे आणि एकदा शाणूमामाकडे.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना पणजीत विज्ञानाचा उत्सव भरला. सगळ्या कॉलेजांनी मिळून तो केला होता. मांडवीकाठच्या सभागृहात व्याख्यानं, मैदानावर मांडव, संध्याकाळी दुर्बीण, आणि शेवटच्या दिवशी वादविवाद. आता असे उत्सव वरचेवर होतात, त्यांचे झेंडे दिव्याच्या खांबांवर लागतात. तेव्हा त्याची फार नवलाई होती. सगळा कारभार इंग्रजीत. माझं शिक्षण मराठी शाळेतलं, इंग्रजी वाचायला यायचं पण बोलायला गेलं की जीभ टाळूला चिकटायची. कॉन्व्हेंटच्या मुली मला वाईट वागवत नव्हत्या. त्यांना मी दिसतच नव्हते म्हटलं तरी चालेल. त्यातली एक लीना तेवढी प्रॅक्टिकलला माझी जोडीदारीण होती. तर या उत्सवात एकच व्याख्यान मराठीत होतं. पुण्याहून एक मोठे शास्त्रज्ञ येणार होते. आमच्या फिजिक्सच्या सरांनी वर्गात विचारलं, प्रास्ताविक आणि आभार मराठीत कोण करील, आणि सगळ्या वर्गाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

ती बातमी घेऊन मी घरी आले. आई आदोळीवर नारळ खोवत बसली होती. बाबा पेटीचा एक सूर बसलेला होता तो खुडबुडून बघत होते.

"बाबा, पुढच्या शनवारा माका पणजेक बोलूंचें आसा. व्याख्यान आसा, ताची सुरवात हांव करतलें."

"कसलें गो व्याख्यान?"

"कृष्णविवराचें."

बाबांचा हात थांबला. "कोण सांगतलो?"

"पुण्याचे मोठे शास्त्रज्ञ."

"पुण्याचे शास्त्री? मग बरें सांगतले." त्यांनी पेटी बाजूला सारली. "कितें सांगतत ते त्यांत? माका समजाय बघूं."

हे मला फार आवडलं. मी खाली त्यांच्यापुढे बसले आणि आठवडाभर घोकलेलं सगळं घरच्या बोलीत सांगितलं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण आहे हे कळतं. कसं कळतं, तर त्याच्या आजूबाजूचे जे असतात त्यांच्या फिरण्यावरून. त्याची ओढ इतकी, की एका मर्यादेच्या आत गेलं की सुटका नाही. गेलेलं परत येत नाही. उजेडसुद्धा बाहेर येत नाही. आणि जवळ जाणाऱ्याचा काळ हळू होतो, त्याला वेळेचं भान उरत नाही.

बाबा ऐकत होते. त्यांचे डोळे पाणावले. "खरें आसा गो," ते म्हणाले, "एकदां ओड लागली काय परत येवप खंयचें? गेलें तें गेलें." मग आईला म्हणाले, "आयकतां मगो? आमच्या चेडवाक कितें बरें समजलां."

मी रात्रभर झोपले नाही त्या आनंदात. सातवी शिकलेल्या दुकानदाराला मी कृष्णविवर समजावलं, आणि त्याला ते इतकं समजलं की डोळ्यांत पाणी आलं. पुढे तीस वर्षं मी मुलांना फिजिक्स शिकवलं. एकाच्याही डोळ्यांत पाणी आलं नाही, आलं असेल तर परीक्षेच्या भीतीने.

माझ्याजवळ त्या व्याख्यानाची छापील पत्रकं होती. बाबांनी दुकानात लावायला एक मागून घेतलं. पुढचं मला आईने फार नंतर सांगितलं. मी सोमवारी पहाटेच्या बसने गेल्यावर बाबांनी चष्मा लावून पत्रक वाचलं. मथळ्यावर मोठ्या टायपात ‘कृष्णविवर’. बाबा म्हणाले, पणजीचे छापखाने हल्ली अक्षरं खातात. त्यांनी कानामागची तांबडी पेन्सिल काढली, पुढे ठसठशीत ‘ण’ काढला आणि पत्रक दुकानाच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल असं डकवलं. कृष्णविवरण. पुण्याच्या शास्त्र्यांचं. सुरुवात करणार दत्तारामाची सुलू. शाणूमामा विडी घ्यायला आला तेव्हा बाबांनी नुसतं फळीकडे बोट केलं. त्याने ते दोनदा वाचलं, म्हणे, आणि विडी तशीच हातात धरून गेला. दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "या शनवारचें भजन देवळांत नाका. पणजेक जावंया."

व्याख्यान संध्याकाळी होतं. मी आत्याची फिकट निळी साडी नेसून विंगेत उभी होते, हातात कागद, कागदाला घाम. सभागृह भरत आलं होतं. तेवढ्यात लीना पळत आली आणि हसू दाबत इंग्रजीत म्हणाली, बाहेर ये, दाराशी बघ काय आहे. मी कडेच्या वाटेने दाराशी गेले. दाराबाहेर चपलांची रांग लागली होती. नीट जोडीने लावलेल्या चपला, देवळाबाहेर लावतात तशा. शहरातली माणसं यायची, ती रांग बघून थबकायची, एकमेकांकडे बघायची आणि त्यातले दोघे-तिघे आपले बूटही काढून ठेवायचे. ते बूट बघून मागच्यांचाही गोंधळ उडत होता. त्या रांगेत मला एक वहाण दिसली. तिच्या अंगठ्याला निळ्या सुतळीचा टाका होता. तो टाका आईने बाबांच्या वहाणेला माझ्यासमोर घातला होता.

विंगेत परतून पडद्याच्या फटीतून पाहिलं, तर आमच्या गावची मंडळी पुढच्या दोन रांगांत बसली होती. कपाळाला गंध, पुरुषांच्या अंगात धुतलेले पांढरे सदरे, बायकांच्या केसांत अबोलीचे वळेसर. शाणूमामाच्या मांडीवर गवसणीतला पखवाज. पेटी किंतानाच्या पोत्यात. बाबांच्या पायांशी आमच्या घरातला मोठा स्टीलचा डबा. सणासुदीचा, पंचखाद्याचा. एका टेंपोतून आली होती मंडळी, सगळी उभी राहून; आई तेवढी दुकानावर राहिली होती. मला अजून काहीच कळलं नव्हतं. मला वाटलं, बाबांना ते व्याख्यान एवढं भावलं की त्यांनी गाव आणला. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला अभिमान वाटायला हवा होता, पण मला पखवाज लपवावासा वाटत होता.

मी बोलले. कसं बोलले आठवत नाही, बरं बोलले असणार, कारण सरांनी मान हलवली. पारूकाकीने खालून मला हात केला. मी तो पाहिला नाही असं केलं. मग मी म्हटलं, "आता मी पाहुण्यांना विनंती करते," आणि ते शास्त्रज्ञ, बुटकेसे, केस पिंजारलेले, सदऱ्याच्या बाह्या दुमडलेले, स्टेजवर आले. ते माइकपाशी उभे राहिले मात्र, पुढच्या दोन्ही रांगा उठून उभ्या राहिल्या आणि बाबांनी खड्या आवाजात म्हटलं, "बोला, गोपाळकृष्ण महाराज की..." आणि सगळ्यांनी "जय" म्हटलं. बुवा उभे राहिले की गजर करायचा, ही आमच्याकडची रीत. त्यावाचून कीर्तन सुरूच होत नाही.

मग मागून हसू आलं आणि रांगांरांगांतून पुढे सरकत गेलं. मला तेव्हा कळलं. ‘विवर’ आणि ‘विवरण’. शास्त्रज्ञ आणि शास्त्री. ओढ लागली की सुटका नाही. सगळं एका क्षणात कळलं आणि पायाखालची फळी फाटेल तर बरं असं वाटलं.

त्या पाहुण्यांनी हात जोडले आणि बोलायला लागले. तारा कसा जन्मतो, कसा जळतो, कसा स्वतःच्याच भाराने आत कोसळतो. पडद्यावर चित्रं येत होती. मी विंगेतून चित्रं बघत नव्हते, आमच्या माणसांची तोंडं बघत होते. ती शांत होती. मला आधी त्याचं नवल वाटलं, मग उमगलं. कीर्तनाचे दोन भाग असतात. पहिला पूर्वरंग, त्यात बुवा तत्त्वज्ञान सांगतात, ते जड असतं, ते समजलं नाही तरी चालतं, त्यात बायका वाती वळतात. मग मध्ये थोडं भजन आणि मग आख्यान, म्हणजे गोष्ट. आमची माणसं पूर्वरंग सोसत होती. ताऱ्यांचं, वस्तुमानाचं, गुरुत्वाचं ती मान हलवत ऐकत होती, कारण पुढे गोष्ट येणार होती. गोकुळ येणार होतं. बाबांनी शाणूमामाला हळूच काहीतरी सांगितलं, त्याने पखवाजाची गवसणी सोडून ठेवली.

आणि पाहुणे म्हणाले, "धन्यवाद. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा."

दिवे लागले. पुढच्या दोन रांगा बाबांकडे बघायला लागल्या. शाणूमामाचा आवाज काही हळू नव्हता. "रे दत्ताराम, कृष्ण खंय?"

बाबा उठले. मी देवाला म्हटलं, यांना खाली बसव. ते हात जोडून, छापील पुस्तकातल्या मराठीत म्हणाले, "बुवा, पूर्वरंग फार सुंदर झाला. आता आख्यान लावावं, ही मंडळींची विनंती."

तेव्हाचं ते हसू मी अजून ऐकते. दुष्ट नव्हतं ते. चांगल्या घरच्या, चांगल्या मनाच्या माणसांचं हसू होतं. कुणी टाळ्या पिटल्या. आमचे सर रुमालाने डोळे पुसत होते. एकटे ते पाहुणे हसले नाहीत. बहुतेक त्यांच्याही लहानपणी कुठेतरी कीर्तन होतं. ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. आख्यान राहिलंच. पण ते अजून आम्हालाच सापडलेलं नाही." मग सभागृहाने खऱ्याच टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या पाहुण्यांच्या उत्तराला होत्या, पण त्या पडत होत्या बाबांच्या डोक्यावर, आणि बाबा तसेच हात जोडून उभे होते. त्यांना समजलं होतं. त्यांचा चेहरा मी पाहिला. ते आधी मागे वळून गावाकडे पाहायला लागले आणि मग विंगेकडे, माझ्याकडे.

मी आभार मानले. कागदावर होते तेवढेच.

कार्यक्रम संपल्यावर स्टेजच्या पायऱ्यांशी मी, लीना आणि आणखी चार मुली उभ्या होतो. त्या मुली ‘पूर्वरंग, पूर्वरंग’ असं एकमेकींना म्हणून हसत होत्या, तो शब्द त्यांना फार गमतीचा वाटला होता. गावची मंडळी बाहेर निघाली होती. दाराकडे जायची वाट आमच्यासमोरून होती. मी वाट बघत होते की आता पारूकाकी मोठ्याने ‘गो सुलू’ म्हणेल आणि माझा गाल ओढेल, सगळ्यांसमोर. पारूकाकी आली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मान खाली घालून ती पुढे गेली. तिच्यामागून एकेक जण गेला. ज्यांच्या अंगणात मी वाढले, ज्यांच्या पेजेत माझा वाटा असायचा, ती माणसं माझ्यासमोरून अनोळखी असल्यासारखी गेली. शाणूमामासुद्धा. पखवाज छातीशी धरून. तेवढ्या वेळात बाबांनी त्यांना काय सांगितलं असेल ते मी कधी विचारलं नाही. ते पेटी वाजवत नव्हते, सांभाळत होते, हेच खरं.

शेवटी बाबा डबा घेऊन आले. ते माझ्यापुढे उभे राहिले आणि मघाच्याच पुस्तकी मराठीत म्हणाले, "बाई, हा प्रसाद आहे. तुम्ही बुवांना द्याल का?"

बाई. तुम्ही. आमच्याकडे घरच्या मुलीला ‘तें’ म्हणतात. ‘तूं आयलें, तूं जेवलें’. नपुंसकलिंगी. व्याकरणाच्या पुस्तकाला ते चालायचं नाही, पण त्यात मुलगी लहान राहते. बाबांनी आयुष्यात मला दुसरं काही म्हटलं नव्हतं. ओळख न दाखवायची वाट त्यांनी मला करून दिली होती. मी ती धरली.

"ठेवा तिथे," मी म्हटलं.

त्यांनी डबा पायरीवर ठेवला, मान लववली आणि गेले. दारात वाकून वहाण घालताना ते भिंतीला धरून उभे होते, तेवढं दिसलं.

पाहुण्यांनी पंचखाद्य मागून घेऊन खाल्लं, थोडं रुमालात बांधून घेतलं. मग मुलींनी डबा फस्त केला. नारळ, गूळ, चण्याची डाळ, आईची ती वेलची. छान आहे म्हणत होत्या, मीही खाल्लं. रिकामा डबा लीनाने उचलला आणि उलटा करून बघितला. आमच्याकडे भांड्यांवर नाव घालतात. आईच्या लग्नातला डबा तो, त्यावर माहेरची भेट म्हणून आईचं नाव, खाली आमचं आडनाव. कॉन्व्हेंटची असली तरी तेवढं देवनागरी तिला वाचता येत होतं. तिने झाकण लावलं, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तूच घरी ने हा." त्यावर आम्ही दोघी कधीच बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी वादविवाद. विषय नेहमीचाच, विज्ञान शाप की वरदान. हा विषय आमच्या पिढीने इतक्यांदा ठरवला आणि इतक्यांदा मोडला, की विज्ञानालाच कंटाळा आला असेल. माझ्याकडे घंटा दिली होती, वेळ संपला की वाजवायची. एका मुलाने सुरुवातच केली, "काल याच सभागृहात पेडण्याकडची काही भाविक मंडळी कृष्णविवरात गोपाळकृष्ण शोधायला आली होती," आणि बाबांची नक्कल केली. हात जोडून, तोच सूर. नक्कल चांगली करत होता. लोक खूप हसले. माझा हात घंटेवर गेला आणि मी ती वाजवली. त्याला अजून निम्मा वेळ होता. तो गोंधळला, परीक्षकांनी घड्याळं पाहिली, सरांनी मला विचारलं, "घड्याळ चुकलं का?" आणि मी म्हटलं, "हो सर, चुकलं." त्याला वेळ भरून दिला. पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं. माझ्याकडून घडलेलं बंड म्हणायचं तर तेवढंच, आणि तेही घड्याळाच्या नावावर.

पुढच्या शनिवारी डबा पिशवीत घालून घरी गेले. बसमधून उतरले तेव्हा पेटी ऐकू आली नाही. फळीवरचं पत्रक काढलेलं होतं, चिकटवलेल्या जागी चार पांढरे ठिपके राहिले होते. दुकानात शाणूमामा उभा होता. मला वाटलं, आता हा बोलणार. तो म्हणाला, "आयलें गो? दमलें आसतलें," आणि बाजूला होऊन मला वाट दिली. त्या गावाने तो विषय कधी काढला नाही. देवळात, लग्नात, भांडणातसुद्धा नाही. भांडणात निघायला काही हरकत नव्हती.

बाबा आतून आले. माझ्या हातातला डबा घेतला. म्हणाले, "आयल्यात? हात-पाय धुवा, पेज निंवता."

मला वाटलं चेष्टा करतात. मी हसलेसुद्धा. जेवताना म्हणाले, "आनीक वाढूं तुमकां?" आई म्हणाली, "हें कितें नवें? आपल्या चेडवाक अहो-जाहो?" बाबा म्हणाले, "शिकल्या मनशाक मान दिवंक जाय." एवढं म्हणून त्यांनी भात कालवला. त्यांना मला टोमणा मारायचा नव्हता, ते मला ठाऊक आहे. टोमणा असता तर बरं झालं असतं, तो कधीतरी संपला असता.

तो ‘तुमी’ राहिला. मी पास झाले, लेक्चरर झाले, लग्न झालं, केस पिकले. बाबा माझ्याशी तुमीच बोलत राहिले. भावाला ‘तूं’, सुनेला ‘तूं’, मला ‘तुमी’. नव्या येणाऱ्या माणसांना त्याचं फार कौतुक. भावजय शेजारणींना सांगायची, बघा, बापाने लेकीच्या विद्येचा मान कसा ठेवला. लोक माझ्याकडे आदराने बघायचे, आणि मी दरवेळी त्या पायऱ्यांशी उभी असायचे. एकदा धीर करून म्हटलं होतं, "बाबा, माका तूं म्हणात." तेव्हा त्यांनी हसून विषय बदलला, पेटीचा कुठला तरी सूर पुन्हा बसलाय असं काहीतरी काढलं.

परवा गावी गेले होते. बाबा आता नव्वदीला टेकलेत. दुकान भावाचं झालं, पेटी माळ्यावर गेली. ते खिडकीपाशी आरामखुर्चीत बसून असतात. कधी सगळं नीट आठवतं, कधी दुपार आहे की सकाळ तेही कळत नाही. भावाची नात शाळेतून आली. तिने मला दाखवायला म्हणून मोबाइलवर एक फोटो उघडला. काळंभोर मध्य आणि भोवती केशरी कडं. "आजी, हें कृष्णविवर. उडीदवडो कसो दिसता न्हय?" मी तिला गप्प करणार, तोवर तिने मोबाइल बाबांच्या पुढ्यात नेला होता. "पणजोबा, पळयात. कृष्णविवर."

बाबांनी चष्मा सारखा केला आणि बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "ण पडलो खंय?"

पोरीला काही समजलं नाही, ती हसून मोबाइल घेऊन बाहेर पळाली. बाबा अजून त्या काळ्या जागेकडे बघत असल्यासारखे रिकाम्या हाताकडे बघत होते. मी खुर्चीपाशी खाली बसले, लहानपणी बसायचे तशी. त्यांच्या पायांवर हात ठेवला. एवढ्या वर्षांत जे मोठ्याने बोलता आलं नव्हतं ते बोलायचं होतं, पण शब्द तेवढेच आले. "बाबा, आतां तरी माका तूं म्हणात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही. मग दाराकडे पाहिलं, तिथे कोणी उभं आहे का ते बघितल्यासारखं, आणि वाकून अगदी हळू आवाजात म्हणाले, "नाका, बाय. लोकांक कळतलें."

घरात त्या वेळी आमच्याशिवाय कोणी नव्हतं.